पद्मिनीचं इंजिन बांधून झालं, गाडी देण्याआधी किती चालवायचं?

प्रश्न: प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी. बोरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंड, कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे. गॅरेजची जुनी पद्धत म्हणजे इंजिन चार-पाच तास स्लोवर (उभ्या गाडीत, रेस न देता) सोडायचं. त्यानंच पुढे धूर मारतं, असं काही मिस्त्री म्हणतात. खरं आहे का?

जुना_पाना: खरं आहे. रिंगेला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो तो मुख्यतः तिच्या मागे शिरणारा गॅस. लोड नाही तर दाब नाही. मग होनिंगच्या (भिंतीवर मुद्दाम पाडलेल्या बारीक) रेषा घासल्या जाण्याऐवजी त्यांवर ऑइल भाजतं आणि भिंत काचेसारखी होते. पुढे निळा धूर. उपाय एकच, पिस्टन बाहेर आणि पुन्हा होनिंग.

त्याहून वाईट हाल कॅमचे. टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उघडणारा भाग) सपाट, आणि कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, ऑइल येतं ते बरंचसं क्रँकनं उडवलेलं. स्लोवर ते पुरत नाही. म्हणून लोबला मॉली पेस्ट (मॉलिब्डेनमचं घट्ट वंगण) लावा, टायमिंग आधीच बसवा, कार्बोरेटरच्या फ्लोटमध्ये पेट्रोल भरून ठेवा. प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंतच स्टार्टर मारा, उगाच जास्त नको, पेस्ट पुसली जाते. स्टार्ट होताच रेस 2000 ते 2500 वर, 20 मिनिटं, थोडी वरखाली करत. रेडिएटरसमोर पंखा ठेवा. गळती दिसली तर बंद करा, पण स्लोवर ठेवून पाहत बसू नका.

प्रश्नकर्ता: गाडीत आरपीएम मीटर नाही. ऑइल कोणतं?

जुना_पाना: प्लगच्या वायरला चिमटा लावायचा मीटर घ्या, कानावर जाऊ नका. ऑइल साधं मिनरल 20डब्ल्यू-50, झिंक (झीज रोखणारा घटक) असलेलं. सिंथेटिक आत्ता नको.

टॅपेट_फीलर: पुढचं काम रस्त्यावर. इंजिन गरम झालं की तिसऱ्या गिअरात 30 ते 50 जोरात ओढा, मग पाय काढून गिअरमध्येच 30 वर येऊ द्या. असं दहा वेळा. पाय काढल्यावर व्हॅक्यूमनं ऑइल वर ओढलं जातं, घासलेला चुरा धुऊन निघतो. चढावर टॉप गिअरमध्ये घरघरत नेणं मात्र टाळा.

परत आल्यावर ऑइल गरम असतानाच काढा, फिल्टर बदला. ऑइलात करडी बारीक चमक चालते. तांबूस किंवा चंदेरी पापुद्रे दिसले तर बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय गाडी देऊ नका. रात्रभर थंड झाल्यावर हेडचे बोल्ट मॅन्युअलच्या क्रमानं पुन्हा टॉर्क करा आणि त्यानंतर टॅपेटची गॅप लावा. उलट केलं तर गॅप बदलते, काम दोनदा.

ग्राहकाला 500 किलोमीटरला ऑइल आणि टॅपेटसाठी बोलवा. तारीख नाही, मीटरचा आकडा बिलावर लिहून द्या.