‘डोकं लपवलेल्या’ चिनी कवितेला मराठी शब्द हवा

सायली_द : एका लेखाचा अनुवाद करतेय. तांग काळातल्या ली पोच्या (७०१–७६२) नावावर ‘तंगयुन’ ही चार ओळींची कविता चिनी इंटरनेटवर फिरते. वरवर संध्याकाळ, डोंगर, होडी. ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचा : ‘जपान, जा मर’. शेवटची वाचा : ‘कोइझुमीचा नाश ठरलेला’. कोइझुमी २००१ ते २००६ जपानचे पंतप्रधान होते, म्हणून भाविक मंडळी थक्क! या प्रकाराला चिनीत ‘त्सांगथौ-शी’ म्हणतात, म्हणजे डोकं लपवलेली कविता. मी ‘आद्याक्षरी कविता’ आणि ‘भविष्यवाणी’ लिहिलं होतं. संपादकांनी दोन्ही खोडलं.

बारामतीकर : भविष्यवाणी खोडलं ते उत्तम केलं, हिंदीची सवय ती. आपला शब्द भाकीत. मला तर तो ‘भाक देणे’मधल्या भाकेचाच नातलग वाटतो. आणि कवितेसाठी ‘चित्रकाव्य’, म्हणजे अक्षरांच्या मांडणीचे खेळ करणारं काव्य, आहे की. मोरोपंतांनी ओठांना ओठ न लावता म्हणता येणारं निरोष्ठ रामायण रचलं, त्यांच्या भाषेला अशा खेळाचं नाव उसनं आणावं लागू नये.

सिंधुदुर्गी : चित्रकाव्य फार ऐसपैस होतं, आद्याक्षरी फार अरुंद. टेंबे स्वामींच्या सप्तशती गुरुचरित्रात ओव्यांचं तिसरं अक्षर घेत गेलं की गीतेचा पंधरावा अध्याय तयार होतो. आमच्या पोथीत ती अक्षरं ठळक छापलीत, आजी त्यांवर बोट ठेवून गीता वाचायची. त्याला आद्याक्षरी कसं म्हणणार? सायलीताईंच्या कवितेतही शेवटची अक्षरं आहेतच.

तैपेई_मुक्काम : मुळात ‘अक्षर’च फसवं आहे. चिनी लिपीत एकेक चिन्ह म्हणजे बहुधा अख्खा शब्द. ‘शुइहू चुआन’ या जुन्या चिनी कादंबरीत बंडखोरांचा सल्लागार वू योंग हा लू जुन्यी या श्रीमंताच्या भिंतीवर चार ओळी लिहवून घेतो. ओळींची डोकी जोडली की ‘लू जुन्यी बंड करतो’. त्यातला पहिला ‘लू’ आडनावाचा नाहीच, लव्हाळ्याचा आहे. उच्चार जुळला की काम झालं. शेवटी घरचाच कारभारी चहाडी करतो आणि लू तुरुंगात जातो.

बारामतीकर : मग ‘आद्यशब्दी’ म्हणायचं? कानाला बोचतं हो.

सिंधुदुर्गी : बोचेना का, लोक वापरतील तर रुळेल. भाकीतही कोणे एके काळी नवंच असेल.

बारामतीकर : ‘लोक वापरतात’ म्हणून काहीही चालवायचं, तर अशी चर्चा करायचीच कशाला?

तैपेई_मुक्काम : भाकीत की भविष्यवाणी हा वाद इथे लागूच होत नाही. ‘जा मर’ ही आजच्या चिनीतली शिवी आहे, तांग काळची भाषा नव्हे. कुणीतरी कोइझुमींच्या यासुकुनी (जपानी युद्धमृतांचं देवस्थान) भेटींवर चिडून कविता रचली आणि ली पोच्या माथी मारली.

सायली_द : मला हेच लागलं. ली पोने जपानबद्दल खरंच लिहिलंय. आबे नो नाकामारो हा त्याचा जपानी मित्र. मायदेशी परतताना तो बुडाला असं समजून ली पोने शोककविता लिहिली, आणि तिचा पहिलाच शब्द ‘जपान’ आहे. मित्र खरं तर वाचला होता. अशा कवीच्या तोंडी हा शाप घालणं मला सहन होत नाही. लेखात ‘ली पोची’ न लिहिता ‘ली पोच्या नावावर खपवलेली’ लिहितेय.

बारामतीकर : ‘खपवलेली’ बाजारी वाटतं. ‘आरोपित’ लिहा.

सिंधुदुर्गी : आरोपित म्हटलं की मला कोर्टातला आरोपीच दिसतो. खपवलेलीच राहू द्या. आणि ते ‘ली पो’ जुनं झालं, हल्ली ‘ली बाय’ लिहितात ना?