प्रेषकाजवळ पोहोचल्यावर दिशाच कळेनाशी होते

प्रश्न (नवा सदस्य): आमच्या हौशी रेडिओ क्लबात नुकताच दिशाशोधनाचा सराव सुरू झाला आहे. लपवलेला प्रेषक १४४ मेगाहर्ट्झवर असतो आणि मोजपट्टीच्या पोलादी पात्यांपासून बनवलेला तीन घटकांचा यागी (एका दिशेचा सिग्नल जास्त पकडणारा) अँटेना हँडसेटला जोडून आम्ही तो शोधतो. दुरून दिशा बऱ्यापैकी मिळते. परंतु शंभरेक मीटरच्या आत आल्यावर अँटेना कोणत्याही बाजूला वळवला तरी सिग्नल मीटर भरलेलाच राहतो. अँटेना बदलावा, की ८० मीटरच्या बँडवर जावे?

उत्तर (जुना हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला): अँटेना निर्दोष आहे, तो बदलू नका. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की सिग्नल ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे १ किलोमीटरवरून १० मीटरवर येईपर्यंत ४० डेसिबलची भर पडते, आणि बहुतेक हँडसेटचा मीटर त्याच्या कितीतरी आधी भरून जातो. साधा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारे उपकरण) मध्ये जोडून थोडा उपयोग होईल, पण पुढे सिग्नल अँटेनाला वगळून थेट हँडसेटच्या प्लॅस्टिकच्या कवचातूनच आत शिरू लागतो. यावर खरा उपाय ऑफसेट अ‍ॅटेन्युएटरचा. ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर आणि आलेला सिग्नल डायोडमध्ये मिसळले की १४८ मेगाहर्ट्झवर प्रेषकाची क्षीण प्रतिकृती मिळते. हँडसेट तिच्यावर लावायचा. मग मूळ सिग्नल कवचातून शिरला तरी बिघडत नाही, आणि पोटेन्शिओमीटर फिरवून प्रतिकृती हवी तितकी मंद करता येते. हे जमेपर्यंत यागी काढून ठेवा, आखूड अँटेना लावलेला हँडसेट छातीशी धरा आणि स्वतःभोवती सावकाश फिरा. आवाज जिथे सर्वांत क्षीण होईल, तिथे प्रेषक तुमच्या पाठीमागे असतो.

उत्तर (सराव घेणारी): वरील उपाय योग्यच आहे, मात्र नवख्यांच्या हाती प्रथम २ मीटरचा, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झचा, बँड देणे मला पटत नाही. टेकडीच्या कड्यावरून परावर्तित झालेला सिग्नल कधी कधी खऱ्यापेक्षा जोरकस असतो आणि नवखा माणूस निमूटपणे कड्याकडे धावतो. ३.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ८० मीटरच्या बँडवर, हा त्रास फारच कमी. तिथे फेराइट दांड्याचा अँटेना वापरतात. दांड्याचे टोक प्रेषकाच्या रेषेत आले की आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि ही जागा इतकी नेमकी असते की कानालाही चटकन कळते. प्रेषक पुढे आहे की मागे, हे ठरवण्यासाठी उभ्या सळईचा सेन्स अँटेना क्षणभर जोडायचा. तारेच्या कुंपणाजवळ किंवा वीजवाहिन्यांखाली मात्र घेतलेल्या दिशेवर विश्वास ठेवू नये.

उत्तर (जुना हॅम): परावर्तन ओळखायला कधीतरी शिकावेच लागते, म्हणून मी अजूनही २ मीटरच्याच बाजूने आहे. एका जागेच्या वाचनावर धावू नये, एवढे पथ्य पुरते: ५ अंशांची चूक १ किलोमीटरवर सुमारे ८७ मीटर होते, तेव्हा दुसरे वाचन पहिल्या रेषेपासून बरेच बाजूला जाऊन घ्यावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दिशाशोधनाच्या स्पर्धेत पाच प्रेषक असतात आणि ते पाचही एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात, मग ते वेगळे कसे ओळखायचे?

उत्तर (सराव घेणारी): प्रत्येक प्रेषक आळीपाळीने एक मिनिट बोलतो आणि चार मिनिटे गप्प राहतो. मोर्स संकेतातील ‘एमओ’नंतर येणारे टिंब मोजावेत: एक टिंब म्हणजे पहिला, पाच टिंबे म्हणजे पाचवा. मोर्स येत नसली तरी अडत नाही.