श्टुटगार्टजवळ ओ पेअर म्हणून राहताना रोजचा दिवस आणि सुट्टी कशी आखावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी मूळची सांगलीची, वय 22. जर्मन भाषेची ए1 ही पहिल्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण झाले असून त्यापुढच्या ए2चा अभ्यास चालू आहे. श्टुटगार्टला लागूनच असलेल्या एस्लिंगेन गावातील एका कुटुंबाकडे ओ पेअर म्हणून, म्हणजे त्यांच्या घरी राहून मुले सांभाळायची आणि त्याबदल्यात राहणे, जेवण व हातखर्च मिळवायचा अशा बोलीवर, जाण्याचे जवळजवळ ठरले आहे. घरात चार आणि सात वर्षांची दोन मुले आहेत आणि आईवडील दोघेही नोकरी करतात. व्हिसाची माहिती मी मिळवली आहे, त्यामुळे माझा प्रश्न तिथे पोहोचल्यानंतरच्या आयुष्याबद्दल आहे.

आईचे म्हणणे असे की, परक्यांच्या घरात राहायचे तर सांगितलेल्या कामापेक्षा चार कामे जास्तच करावीत, म्हणजे त्यांनाही आपल्याविषयी माया वाटते. महिन्याच्या 280 युरोंत हातखर्च कसा भागेल, ही बाबांची काळजी. मला स्वतःला शनिवार-रविवारी बाहेर पडून तो प्रदेश पाहायचा आहे; पण मुले घरी असताना आपण पाठीला पिशवी लावून निघून जाणे त्या लोकांना खटकेल का, याचा अंदाज येत नाही. प्रत्यक्ष दिवस कसा जातो आणि सुट्टी कितपत आपली असते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

निळी सायकल

मी त्याच भागात ओ पेअर म्हणून वर्षभर राहिले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आईंचा सल्ला मायेपोटी आहे, तरीही तो तसाच्या तसा पाळू नका, असे मला अगदी मनापासून सांगायचे आहे. जर्मनीत ओ पेअरचे काम दिवसाला जास्तीत जास्त सहा तास आणि आठवड्याला तीस तास इतके असते, आणि मुले झोपल्यावर त्यांच्या सोबतीला घरात थांबण्याचा वेळही त्यातच धरला जातो. आठवड्यातून दीड दिवस पूर्ण सुट्टी, किमान चार संध्याकाळी मोकळ्या आणि महिन्यातून निदान एक रविवार हक्काचा असतो. वर्षभर राहिलात तर चार आठवड्यांची रजा वेगळी. हे सगळे करारात लिहिलेले असते. सुट्टी म्हणजे त्या कुटुंबाने दाखवलेला मोठेपणा आहे, असे एकदा मनाने धरले की ती मागायला जीभ रेटत नाही, आणि आपल्याकडच्या मुलींचे नेमके तिथेच अडते.

कारण आपल्याला घरात कोणी काम करत असताना बसून राहायची सवय नसते. संध्याकाळी सहा वाजता तुमचे काम संपलेले असते, पण मुलांची आई दमून येते, स्वयंपाकघरात भांडी पडलेली असतात, धाकटा तुमच्याच मांडीवर येऊन बसतो. तुम्ही उठता, आवरता, गोष्ट वाचून दाखवता आणि आठ वाजतात. कोणी सक्ती केलेली नसते. दोन-तीन आठवडे असे गेले की तीच घराची रीत होते आणि मग सहाला आपल्या खोलीत जाणे उगाचच अपराध्यासारखे वाटू लागते. माझ्या घरी यावर एक साधा उपाय होता: दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचे तास स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहिले जात, कोणत्या संध्याकाळी मी नसणार तेही त्यातच असे. तिथल्या लोकांना असे लिहून ठरवणे तुटकपणाचे वाटत नाही, उलट त्यांना हायसे वाटते. पहिल्याच आठवड्यात हे सुचवा. मग एखाद्या दिवशी मूल आजारी पडले आणि तुम्ही आपणहून थांबलात, तर ती मदत मदत म्हणूनच त्यांच्या लक्षात राहते.

दिवस साधारण असा असतो. सकाळी साडेसहाच्या सुमारास न्याहारी, दोघांचे डबे, मोठ्याला शाळेत धाडणे आणि धाकट्याला किटा म्हणजे बालवाडीत पोहोचवणे. पाऊस असला तरी मुले बाहेर खेळतात, त्यामुळे चिखलात घालायची रबरी विजार आणि बूट चढवणे हे हिवाळ्यात रोजचेच काम होऊन बसते. नंतर मुलांचे कपडे धुणे, त्यांची खोली आवरणे अशी हलकी कामे असतात. अख्ख्या घराची साफसफाई किंवा आजीआजोबांची शुश्रूषा ओ पेअरकडे नसते. श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या प्रदेशात, जिना आणि दारापुढची जागा झाडण्याची पाळी प्रत्येक बिऱ्हाडाकडे आळीपाळीने येते, तिला केअरवोखे म्हणतात. ती तुमच्याकडे आहे की नाही, हेही आधीच विचारून घ्या. रात्रीचे जेवण बहुतेक घरांत थंड असते, पाव, चीज आणि काकडी एवढेच. गरम वरणभाताची आठवण पहिल्या महिन्यात फार येते. आठवड्यातून एक दिवस तुम्हीच सगळ्यांसाठी करा, मुले आवडीने खातात.

मुले किटात आणि शाळेत असतात तो सकाळचा वेळ फार मोलाचा असतो. भाषेचा वर्ग तेव्हा लावता येतो आणि त्याच्या शुल्कासाठी कुटुंबाने दरमहा 70 युरो द्यायचे असतात. घरी फोनही तेव्हाच करावा. हिवाळ्यात भारतीय वेळ साडेचार तास पुढे असते, म्हणजे तिथले सकाळचे दहा म्हणजे सांगलीत दुपारचे अडीच. मुले झोपल्यावर फोन लावलात तर आईबाबांची मध्यरात्र झालेली असते.

घाटवाट

मी श्टुटगार्टला राहतो, तेव्हा बाबांच्या काळजीबद्दल आणि फिरण्याबद्दल लिहितो. राहणे, जेवण आणि विमा कुटुंबाकडे असल्यामुळे 280 युरो हा खरोखरच हातखर्च असतो. त्यातला सर्वांत मोठा वाटा प्रवासाचा. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बस यांवर चालणारे डॉइचलांडटिकेट हे मासिक तिकीट 2023 च्या मे महिन्यात 49 युरोंना सुरू झाले, 2025 मध्ये 58 आणि 2026 च्या जानेवारीपासून 63 युरो झाले. काही कुटुंबे त्याचा खर्च उचलतात, म्हणून करारावर सही करण्यापूर्वी हा विषय काढा. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहते. बंद करायचे असेल तर त्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवावे लागते. आयसीईसारख्या वेगवान गाड्यांत ते चालत नाही. ज्या महिन्यात फारसे फिरणे नसेल, त्या महिन्यात चार-पाच जणींनी मिळून आपल्या राज्याच्या नावाचे बाडेन-व्युर्टेमबेर्ग तिकीट काढावे. ते दिवसभर राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांत चालते आणि शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच लागू होते.

सुरुवात जवळून करा. तुमचे एस्लिंगेनच लाकडी चौकटींच्या जुन्या घरांचे सुंदर गाव आहे आणि तिथून एस-बान या उपनगरी गाडीने श्टुटगार्ट वीसेक मिनिटांवर आहे. हे शहर वाडग्यासारख्या खोलगट जागेत वसलेले आहे. मारियनप्लाट्सहून दात्यांच्या रुळांवरून चढणारी त्साके नावाची छोटी गाडी डेगरलोखपर्यंत नेते आणि वाटेत खाली सगळे शहर दिसते. त्याच बाजूला 1956 चा दूरदर्शन मनोरा आहे. शनिवारी पाऊस असेल तर माइलेंडर प्लाट्सच्या शहर ग्रंथालयात जाऊन बसा. आतून पूर्ण पांढरे असलेले हे ग्रंथालय 2011 मध्ये उघडले. तिथे दिवसभर बसायला पैसे पडत नाहीत आणि ए2च्या विद्यार्थ्यांना पेलतील अशी सोपी पुस्तकेही मिळतात.

दिवसभराच्या सहलीसाठी माझी पहिली पसंती बाड उराखला. मेट्सिंगेनला गाडी बदलून जायचे आणि धबधब्याच्या नावाच्याच थांब्यावर उतरायचे. पाण्याची धार 37 मीटरांवरून कोसळते. वाट सोपी आहे, वर चढत गेलात तर पठारावरून सगळी दरी दिसते, आणि सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला तिथे लगेच आपलेपणा वाटतो. ट्युबिंगेनही तासाभरावर आहे. उन्हाळ्यात नेकार नदीत वल्ह्यांच्या जागी लांब काठीने रेटत नेलेल्या सपाट नावा दिसतात, आणि विद्यार्थ्यांचे गाव असल्याने तुमच्या वयाची पुष्कळ माणसे भेटतात. फ्रान्सचे स्ट्रासबर्ग पाहायचे असेल तर सीमेवरच्या केल या जर्मन गावापर्यंत प्रादेशिक गाडीने जावे आणि तिथून ऱ्हाइन ओलांडणारी ट्राम पकडावी. सीमा ओलांडताना पासपोर्ट आणि निवास परवाना जवळ ठेवावा.

एक व्यवहाराची गोष्ट: रविवारी दुकाने बंद असतात. बेकरी काही तास उघडी असते आणि मोठ्या स्थानकांतली दुकाने चालू असतात, पण सहलीचे खाणे शनिवारीच घेऊन ठेवलेले बरे. डिसेंबरात साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी लवकर निघण्याची सवय लावून घ्या. मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनीशहरे आहेत. मराठी माणसेही इथे बरीच आहेत आणि गणपतीत एकत्र येतात. मात्र प्रत्येक सुट्टी आपल्याच लोकांत घालवू नये, अन्यथा भाषा ए2च्या पुढे सरकत नाही.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आईला हे सगळे वाचून दाखवले. दिनदर्शिकेची कल्पना तिला पटली आहे. आणखी एक शंका आहे. रविवारी कुटुंबच सहलीला निघाले आणि मलाही चल म्हणाले, तर तो दिवस माझ्या सुट्टीत धरायचा की कामात?

निळी सायकल

तिथे मुलांची जबाबदारी तुमच्यावर असेल तर ते काम आहे आणि त्याचे तास मोजले जावेत. पाहुणी म्हणून बोलावत असतील तर ती सुट्टी, आणि मग नाही म्हणण्याचीही मोकळीक तुम्हाला आहे. निघण्यापूर्वी सरळ विचारा, "आज मी मुलांकडे पाहायचे आहे का?" या प्रश्नाचा तिथे कोणालाही राग येत नाही. कुटुंबाबरोबर आठवडाभर सुट्टीवर गेलात तरी नियम हाच: मुलांना सांभाळायचे असेल, किंवा गरज पडेल म्हणून हजर राहायचे असेल, तर ते दिवस तुमच्या चार आठवड्यांच्या रजेतून वजा होत नाहीत. हेही करारात लिहून घ्या. पहिले काही रविवार त्यांच्याबरोबर जरूर जा. मुले घराबाहेर तुमच्याशी वेगळीच मोकळी बोलतात, आणि त्यांच्या आजोळी एखादी दुपार घालवली की श्वेबिश ही तिथली बोलीही कानावर पडते.