मदत हवी आहे: १९९३ च्या ट्रॅव्हल ट्रेलरचं वायरिंग आणि वजनाची माहिती

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये राहतो. गेल्या महिन्यात एका आजोबांकडून जुना ट्रॅव्हल ट्रेलर (पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला. फ्लीटवुड कंपनीचा प्राउलर, २४ फुटी. आजोबा 'नव्वद सालचा आहे' म्हणत होते, पण व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) दहावं अक्षर पी निघालं, म्हणजे मॉडेल १९९३ चं. तीन वर्षांनी तरुण निघाला, एवढीच काय ती चांगली बातमी.

मॅन्युअल नाही, वायरिंगचा नकाशा नाही, हातात फक्त टायटलचा, म्हणजे मालकीचा कागद. फ्लीटवुड २००९ साली दिवाळखोरीत गेली आणि त्यांनी ट्रेलरचा धंदाच बंद केला. प्राउलर हे नाव नंतर दुसऱ्या कंपनीने घेतलं, पण त्या नव्या प्राउलरचा माझ्या धुडाशी नावापलीकडे काही संबंध नाही.

आता दुखणं. पिकअपला सात पिनांचा प्लग जोडला की असं होतं: हेडलाइट लावले की ट्रेलरचा मागचा उजवा दिवा भगभगीत पेटून राहतो आणि कडेचे पिवळे दिवे मात्र बंद. उजवा इंडिकेटर दिला की ते कडेचे दिवे, मागचे मंद दिवे, सगळेच लुकलुकायला लागतात, गणपतीच्या आरासीसारखे. डाव्या इंडिकेटरला काहीच नाही. ब्रेक दाबला तर पुन्हा तीच आरास, फक्त स्थिर. पिकअप बरोबर आहे, शेजाऱ्याचा ट्रेलर लावून पाहिला.

सध्या सासरे आलेत सहा महिन्यांसाठी. एमएसईबीतून निवृत्त, सगळं आयुष्य खांबावर गेलेलं. त्यांनी पुढच्या त्रिकोणी सांगाड्याखालचा काळ्या टेपचा गोळा कापला. आत क्रिंप केलेले जॉइंट. प्लगची केबल नवीकोरी, ट्रेलरकडच्या तारा जुन्या. सासरे म्हणाले, "जावईबापू, ज्याने केलंय त्याने नीट केलंय. रंगाला रंग जोडलाय." मग बिघाड कुठे? अर्थिंग घासून साफ केलं, फरक शून्य.

दुसरं, गराजमध्ये ट्रेलरसाठी ३० अँपियरचं सॉकेट हवंय. एक ओळखीचा हँडीमन म्हणतो, कपड्यांच्या ड्रायरचं असतं तसंच, उद्या टाकतो. टाकू देऊ का?

तिसरं, वजन. बाहेरच्या स्टिकरवरचा आकडा उन्हाने उडालाय, शेवटची दोन शून्यं तेवढी दिसतात. माझा पिकअप हे ओढायच्या लायकीचा आहे का, हे कसं कळणार? कुणाकडे या मॉडेलचा नकाशा किंवा माहितीपत्रक असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

'ट्रेलर' वाचून सिनेमाचा असेल म्हणून धागा उघडला. असो, आता शेवटपर्यंत वाचणार. सासऱ्यांना नमस्कार.

प्रतिसाद २

नकाशा शोधण्याआधी एक सांगा. त्या गोळ्यात ट्रेलरकडची लाल तार नुसतीच टेप मारून सोडलेली आहे का? आणि नव्या केबलमधली जांभळी?

धागाकर्ता

हो! दोन्ही मोकळ्या. तुम्हाला कसं कळलं?

प्रतिसाद २

तुमच्या आरासीवरून. सासऱ्यांनी ज्याला शाबासकी दिली तोच बिघाड आहे. इकडे ट्रेलरच्या तारांना रंगांच्या दोन पद्धती आहेत. आरव्हीवाल्यांची (म्हणजे राहायच्या गाड्या-ट्रेलर बनवणाऱ्यांची) एक: हिरवी म्हणजे मागचे व कडेचे दिवे, तपकिरी उजवा इंडिकेटर, लाल डावा, पिवळी रिव्हर्सची. सामानाच्या साध्या ट्रेलरची दुसरी: तपकिरी मागचे दिवे, हिरवी उजवा, पिवळी डावा, जांभळी रिव्हर्स. पांढरी अर्थिंग, निळी ब्रेक आणि काळी बॅटरी चार्जिंग, हे तीन दोन्हीकडे सारखे.

तुमचा ट्रेलर पहिल्या पद्धतीचा आणि कुणीतरी केबल बदलताना दुसऱ्या पद्धतीची आणली. रंगाला रंग जोडल्यामुळे हिरव्या-तपकिरीची अदलाबदल झाली. डावा इंडिकेटर पिवळीतून रिव्हर्सच्या तारेत गेला; जुन्या ट्रेलरना रिव्हर्सचे दिवे बहुधा नसतातच, म्हणून तो हवेत विरला. खरी डावीची लाल तार बिचारी टेपमध्ये झोपलीय.

नवी तपकिरी जुन्या हिरवीला, नवी हिरवी जुन्या तपकिरीला, नवी पिवळी लाल तारेला. जांभळी आणि जुनी पिवळी वेगवेगळ्या टेप मारून ठेवा. तरी आधी मीटरने प्रत्येक पिन कुठल्या तारेला जाते ते तपासा. मधली पिन रिव्हर्सची असते, तिथून सुरुवात केली की गोंधळ होत नाही.

प्रतिसाद ३

त्या हँडीमनला आजच फोन करून थांबवा!!

ट्रेलरचं ३० अँपियरचं सॉकेट टीटी-३० प्रकारचं असतं आणि ते १२० व्होल्टचं असतं: एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थिंग. ड्रायरचं सॉकेट २४० चं. '३० अँप' ऐकून सवयीने दोन फेज देणारे इलेक्ट्रिशियन कमी नाहीत. मग कन्व्हर्टर (१२० व्होल्टचे १२ करणारी पेटी), मायक्रोवेव्ह, टीव्ही एका झटक्यात जळतात. सॉकेट बसलं तरी मीटर लावून १२० दिसल्याशिवाय प्लग खुपसायचा नाही. पन्नास अँपियरचं प्रकरण वेगळं, तिथे चार पिना असतात आणि २४० खरंच येतं. तुमचा तो नाही.

सासऱ्यांना आणखी एक सांगा. आपल्याकडे जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. इथे घराच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल. ट्रेलरमध्ये तर १२ व्होल्टच्या बाजूलाही काळी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते, आणि या दोन्ही काळ्या एकाच कन्व्हर्टरच्या पेटीत येतात. पेटी उघडण्याआधी बाहेरचा प्लग काढा, बॅटरीही सोडवा. आणि ट्रेलरच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडायचे नाहीत, घरी जोडलेले दिसले तरी.

प्रतिसाद ४

वजनाबद्दल. सरकारी लेबल ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या अर्ध्या भागात असतं, तुमचं उडालंय ते तेच. मोबाइलचा टॉर्च पत्र्याला टेकवून आडवा धरा आणि फोटो काढा; छापलेले आकडे पुसले तरी कधीकधी ठसा दिसतो. नाही जमलं तर आसाच्या नळीवर आस बनवणाऱ्याची पट्टी शोधा, तिच्यावर आसाची क्षमता असते. फ्रिज, गीझर, भट्टी या प्रत्येकावर स्वतःची पट्टी आणि मॉडेल नंबर असतो, त्यांची मॅन्युअलं वेगळी मिळतात. ट्रेलरचा एकत्र नकाशा मिळेल ही आशा सोडा.

जुनी माहितीपत्रकं हौशी लोकांनी स्कॅन करून ठेवली आहेत, त्यात लांबी, रिकामं वजन, टाक्यांची मापं असतात. इंडियानातल्या एल्कहार्टला आरव्हीवाल्यांचं संग्रहालय आहे, त्यांच्या ग्रंथालयातही असे जुने कागद आहेत. तुम्हाला फार लांब नाही.

पण रिकामं वजन कळून काय उपयोग? तीस वर्षांत त्यात काय काय भरलंय! ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर घेऊन जा. सामान भरून, पाण्यासकट. आणि जिभेवरचं वजन, म्हणजे ट्रेलर पिकअपला जोडतात त्या हिचवर पडणारं, एकूण ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं. कमी पडलं तर हायवेवर शेपूट हलतं आणि तो अनुभव घेऊ नये.

प्रतिसाद २

दिवे झाले की ब्रेक विसरू नका. निळ्या तारेत अँपियर मोजा. या मापाच्या ट्रेलरना बहुतेक चार चाकांना विजेचे ब्रेक असतात, प्रत्येक चाकातल्या ब्रेकचं चुंबक साधारण ३ अँपियर घेतं. म्हणजे पूर्ण दाबावर १२ च्या आसपास दिसायला हवेत.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. हँडीमनला थांबवलं, तो थोडा रागावला. शनिवारी तीन जॉइंट कापले, तीन नव्याने जोडले, उरलेली टोकं टेपमध्ये. सासऱ्यांनी पाना ठेवला, मागे जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "डावा आला!" पाठोपाठ उजवा, ब्रेक, कडेचे. नंतर चहा घेताना म्हणाले, रंगाला रंग जोडला होता हे मात्र खरं.

वजन अजून केलं नाही. निळ्या तारेत आज मोजले, ६.१ आले. म्हणजे दोन चाकांचे ब्रेक मेलेले दिसतात. चाकं उघडून फोटो टाकतो, त्यासाठी वेगळा धागा काढेन.