मदत हवी आहे: आईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास थांबत नाही. गॅस्ट्रो की न्यूरो?

त्रस्त_पुणेकर:
आई गडहिंग्लजला, मी पुण्यात. तिचं डोकं जड होतं, छातीत धडधडतं, पोटात आग पडते, अंगात त्राणच नाही म्हणते. सगळ्या टेस्ट झाल्या, सगळं नॉर्मल. जो तो डॉक्टर नवीन गोळी देतो आणि वर 'टेन्शन घेऊ नका' म्हणतो. कोल्हापुरात चांगला गॅस्ट्रो किंवा न्यूरो सुचवा. शनिवारी नेणार आहे, रजा मिळत नाही, प्लीज लवकर.

रंकाळा_कट्टा:
सगळ्या टेस्ट म्हणजे कुठल्या? वय काय? कधीपासून?

गवती_चहा:
सकाळी अनशापोटी कोमट पाणी आणि ओवा. माझ्या सासूबाईंना हाच त्रास होता, पंधरा दिवसात गायब.

त्रस्त_पुणेकर:
वय ५६. सीबीसी, शुगर, ईसीजी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, डोक्याचा एमआरआयपण झाला. दिवाळीनंतर सुरू झालं. ओवा करून झालाय.

नर्सताई_सांगली:
एमआरआय झाला आणि थायरॉईड नाही? टीएसएच आणि बी१२ करून घ्या आधी, स्वस्तात होतं. दुसरं, झोप कशी आहे? पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप लागत नाही असं आहे का? जेवण? आणि दिवसभर करतात काय त्या?

त्रस्त_पुणेकर:
झोप नाहीच, पहाटे उठून नुसती बसलेली असते असं बाबा म्हणतात. जेवण कमी झालंय, ब्लाउज ढिले झालेत. करते काय म्हणजे, काहीच नाही. दर उन्हाळ्यात पापडाच्या ऑर्डरी घ्यायची, यंदा डाळ आणून ठेवली होती ती तशीच पडून किडली. भिशीच्या बायका आल्या तर आतूनच सांगते झोपलीये म्हणून. पण ताकदच नाही तर करणार काय?

नर्सताई_सांगली:
दादा, हे पोटाचं वाटत नाही मला. दोन आठवड्यांच्या वर रोजच्या रोज मन लागत नाही, आवडीचं काम नकोसं झालंय, झोप-भूक गेली, थकवा, हे डिप्रेशनचं चित्र आहे. आपल्याकडच्या बायका 'उदास वाटतं' म्हणत नाहीत, डोकं जड आणि छातीत धडधड म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. दिवाळीत काही घडलं होतं का?

त्रस्त_पुणेकर:
विशेष काही नाही. आजी गेली, पण ती नव्वदीची होती, अंथरुणालाच खिळलेली, आईच तिचं सगळं करायची. उलट आता आईला मोकळं वाटायला पाहिजे ना. आणि आई रडत वगैरे नाही, डिप्रेशन कुठून आलं?

रंकाळा_कट्टा:
रडलंच पाहिजे असं नाही हो. आमचे वडील रिटायर झाल्यावर नुसते चिडचिड करायचे, वर विसरायचे, आम्हाला वाटलं स्मृतिभ्रंश. गोळ्या सुरू झाल्यावर विसरणंपण कमी झालं.

स्वच्छंदी_७१:
गोळ्यांच्या नादी लागू नका, सवय लागते. इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला पाठवा, माणूस आतून बदलतो. स्वानुभव आहे.

नर्सताई_सांगली:
स्वच्छंदीकाका, शिबिराच्या फॉर्मवरच मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते कशासाठी? जी बाई धड जेवत नाही तिला दहा दिवस मौनात बसवायचं? सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची. डिप्रेशनच्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही, फक्त मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. आणि गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त, म्हणून लोक आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडून देतात.

स्वच्छंदी_७१:
मी पस्तीस वर्षं एक गोळी घेतली नाही, बघा.

त्रस्त_पुणेकर:
अल्प्राझोलाम तिला चालूच आहे की. गावातल्या डॉक्टरांनी आजीच्या आजारपणात दिली होती, रात्रीची अर्धी. शिवाय बीपीची.

नर्सताई_सांगली:
अहो मग हे आधी सांगायचं ना! तीपण स्वतःहून बंद करू नका. सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. बीपीच्या काही गोळ्यांसोबत डिप्रेशनची गोळी दिली की या वयात सोडियम खाली येऊ शकतं, डॉक्टरांना माहीत असलेलं बरं. आणि एक सरळ विचारते, जगण्यात राम नाही असं काही बोलतात का?

क्लेम_मास्टर:
मेडिक्लेम आहे का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २१(४) आहे, मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागतो. ओपीडी बहुतेक पॉलिसीत नसते, पण ॲडमिट झालं तर भांडा.

रंकाळा_कट्टा:
क्लेमचं कुणी विचारलंय?

त्रस्त_पुणेकर:
परवा फोनवर म्हणाली, आता माझं काय काम राहिलंय. मी म्हटलं काहीतरी बोलू नकोस. पण ती असं करणारी नाही.

नर्सताई_सांगली:
'काहीतरी बोलू नकोस' म्हटलं की माणूस पुढचं बोलत नाही. आजच फोन करा आणि स्पष्ट विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तसं डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर शनिवारची वाट बघू नका, बाबांना सांगा एकटं सोडू नका आणि लगेच न्या. शेतीची औषधं घरात असतील तर ती आजच चुलत्यांकडे द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, तुम्हीपण बोलू शकता. कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे.

खवय्या_कागलचा:
पापड उडदाचे करतात का काकू? आमच्याकडे हल्ली चांगले मिळत नाहीत. बरं वाटलं की ऑर्डर कळवा.

त्रस्त_पुणेकर:
बाबांशी बोललो. फवारणीचं औषध पडवीतच होतं, काकांकडे पाठवलं. आईला विचारलं. गप्प बसली, मग म्हणाली तसं नाही रे, पण सकाळ होऊ नये वाटतं. परवा गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये, मी उद्या रात्रीच निघतो. तोवर मावशी येऊन राहते. पण 'डोक्याच्या डॉक्टरकडे' म्हटलं तर आई यायची नाही, झोपेचे डॉक्टर म्हणून नेऊ का?

रंकाळा_कट्टा:
न्या की. आम्ही तसंच नेलं.

नर्सताई_सांगली:
झोपेसाठी दाखवू म्हणा, खोटं नाही ते. पण दारावरची पाटी त्या वाचणारच, तिथे फसवल्यासारखं व्हायला नको. आणि आत गेल्यावर त्यांना पाच मिनिटं एकटं बोलू द्या, बाबांच्या समोर नको.

मिरज_मेल:
धागा पूर्ण वाचला नाही, पण मिरजेत एक चांगले गॅस्ट्रो आहेत, एंडोस्कोपी लगेच करतात. नंबर पाहिजे तर इनबॉक्स करा.