गेटचा गंज आणि नॅनो कोटिंगवाला

सेक्रेटरी: मंडळी, गेट आणि पार्किंग शेडच्या गंजासाठी कोटेशन आलंय. नॅनो कोटिंग, पाणी टेकतच नाही म्हणे. ३८ हजार सांगतोय. व्हिडिओ टाकलाय, संध्याकाळपर्यंत बघून सांगा, पाऊस लागला की कोणी कामाला येत नाही.

सुजाता बी-३: भारी आहे हो, थेंब मोत्यासारखा घरंगळतोय. अगदी आमच्या कुंडीतल्या अळूसारखा

निकम काका ए-१: बरोब्बर बोललात ताई, तत्त्व अळूचंच आहे. पानावर बारीक बारीक उंचवटे आणि त्यावर मेण, मधे हवा अडकून राहते म्हणून थेंबाला नीट टेकताच येत नाही. बार्थलॉट नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये कमळाच्या पानावर हे मांडलं. थेंब जिथे टेकतो तिथला त्याचा पृष्ठभागाशी कोन १५० अंशांच्या वर गेला की सुपरहायड्रोफोबिक, म्हणजे पाणी जवळजवळ टेकूच न देणारं. पण आता तेच पान बोटाने जरा चोळा आणि मग पाणी टाका

सुजाता बी-३: चोळलं. चिकटलं पाणी

निकम काका ए-१: झालं तर मग. आपलं गेट दिवसातून शंभर वेळा उघडतं, दूधवाला सायकल टेकवतो, पोरं लोंबकळतात. शेडच्या वरच्या बाजूला कोणाचा हात लागत नाही, तिथे एकवेळ चालेल. गेटला नको

रोहन सी-४: काका मग डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारू ना, पाचशेत काम

निकम काका ए-१: बिजागरीला मार, गेटला नको. १९५३ चं प्रॉडक्ट आहे ते, नावाचा अर्थच वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसावा प्रयोग, ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलेलं. पाणी हटवतं पण थर पातळ, उघड्यावर पावसात किती टिकणार

पगार बी-१: आज टँकर येणारे का??

सेक्रेटरी: ११ ला. पगारभाऊ इथे गेटचं चाललंय

निकम काका ए-१: मी अंबडला पेंट शॉपमध्ये होतो तेव्हा पार्टवर मुद्दाम ब्लेडने फुलीचा ओरखडा मारून साल्ट स्प्रेच्या पेटीत ठेवायचो, ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ डिग्री, आणि ओरखड्यापासून गंज आत किती सरकला ते मोजायचो. जस्ताचा थर असला की ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. नुसत्या पाणी झटकणाऱ्या थराचं तसं नाही, ओरखड्यातून पाणी आत गेलं की खालून पोखरतं आणि वरून सगळं चकाचक. त्या माणसाकडे ओरखड्यासकटचा रिपोर्ट मागा, व्हिडिओ नको

सेक्रेटरी: मागितला. 'सर रिझल्ट गॅरंटीड आहे' एवढंच म्हणतोय

रोहन सी-४: हाहा

निकम काका ए-१: वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने गंज पार खरडून काढा, थिनरने पुसा, झिंक प्रायमर, वर दोन हात ऑइल पेंट. गंजावरच रंग फासला तर चारच महिन्यांत पोपडे, मागच्या वेळी तेच झालं, मी तेव्हाही बोललो होतो. आणि एक बघा, गेट फक्त खालून सडलंय, वरचा भाग ठणठणीत आहे. खालच्या चॅनलमध्ये, म्हणजे पन्हाळीसारख्या लोखंडी पट्टीत, पाणी साचतं आणि त्यात वॉचमन रोज गाड्या धुतो तो पाइप तिथेच टाकतो. चॅनलला खालून दोन भोकं पाडली तर निम्मा त्रास तिथेच संपेल

सेक्रेटरी: मग कोटिंग कॅन्सल करू? ड्रिल कोणाकडे आहे?

पगार बी-१: माझ्याकडे आहे. टँकर आला की घेऊन येतो खाली