मदत हवी आहे: ठाण्यात ३१ मार्चला केबल डिजिटल होतेय, बाबांच्या रेकॉर्डिंगसाठी काय घेऊ?

मंडळी नमस्कार,

जरा लांबण लावतोय, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही. आम्ही नौपाड्यात राहतो. केबलवाल्याने गेल्या आठवड्यात जिन्यात कागद चिकटवलाय की ३१ मार्च २०१३ नंतर सेटटॉप बॉक्स नसेल तर टीव्ही दिसणार नाही. मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबरलाच संपली, आता दुसऱ्या टप्प्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, पुणे, नाशिक वगैरे. टीव्हीला बॉक्स घ्यायचाय हे ठरलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. प्रश्न व्हीसीआरचा, म्हणजे टीव्हीवरचं कॅसेटवर टेप करायच्या यंत्राचा आहे.

हो, आमच्याकडे व्हीसीआर अजून चालतो आणि रोज वापरात आहे. बाबा ७६ वर्षांचे. नाट्यसंगीत, अभंग, जुन्या गायकांच्या मुलाखती, सह्याद्रीवर जे जे लागतं ते गेली सतरा-अठरा वर्षं टेप करतायत. माळ्यावर १४३ कॅसेट आहेत, प्रत्येकीवर नंबर, आणि एक लांबट वही आहे त्यात कॅसेट नंबर, तारीख, कोण गायलं, कोणतं पद, साथीला कोण, आणि समोर पेन्सिलीने व्हीसीआरच्या काउंटरचा आकडा, म्हणजे ते पद कुठे सुरू होतं ते. पेन्सिलीने का, तर पुसून वर दुसरं घेतलं तर आकडा बदलता यावा. पाहुणे आले आणि कोणी म्हटलं की अमुक पद ऐकवा, तर बाबा वही उघडतात, कॅसेट काढतात आणि पाच मिनिटांत ते पद लागलेलं असतं. संध्याकाळी ते तलावपाळीला फिरायला आणि मग भजनाला जातात, त्यामुळे बरेच कार्यक्रम टायमर लावूनच घेतलेले आहेत. हे बंद पडलं तर त्यांच्या दिवसातली एक मोठी गोष्ट जाईल, म्हणून मला हे नीट करून द्यायचंय.

आता अडचण काय ते सांगतो, माझं चुकत असेल तर सांगा. व्हीसीआरमध्ये स्वतःचा ट्यूनर (चॅनल पकडणारा भाग) असतो, केबलची वायर आधी त्यात जाते, म्हणून तो सह्याद्री टेप करत असताना आई टीव्हीवर मालिका बघते, दोघांचं एकमेकांशी काही नाही. पण तो ट्यूनर ॲनालॉग. केबल डिजिटल झाली की त्या वायरीतून त्याला काही मिळणारच नाही, चॅनल उघडायचं काम बॉक्स करणार आणि बॉक्समधून एका वेळी एकच चॅनल बाहेर येणार. म्हणजे पिवळी-पांढरी-लाल वायर बॉक्समधून व्हीसीआरला लावायची, व्हीसीआरचा टायमर चॅनल नंबरवर नाही तर ए-व्ही इनपुटवर लावायचा, आणि शिवाय बॉक्स त्या वेळी चालू आणि बरोब्बर त्या चॅनलवर पाहिजे. आई तेव्हा दुसरं काही बघत असेल तर बाबांच्या कॅसेटवर आईची मालिका येणार!

माझा मामेभाऊ मुलुंडला राहतो, चेकनाक्याच्या पलीकडे, त्याच्याकडे नोव्हेंबरपासून बॉक्स आहे. त्याने हे सगळं करून बघितलं. तो म्हणतो जमतं, पण मध्ये वीज गेली की बॉक्स परत येताना कंपनीच्या जाहिरातीच्या चॅनलवर उघडतो आणि पुढचे दोन तास तेच टेप होतं. शिवाय दोन रिमोट, दोन टायमर. मला किंवा तुम्हाला ते जमेल, बाबांना रोज जमणार नाही आणि त्यांनी ते शिकावं असा माझा आग्रहही नाही.

मग सगळे म्हणतात की रेकॉर्डिंगवाला डीटीएच (केबलऐवजी छत्रीवरून थेट घरात येणारा टीव्ही) घे. टाटा स्काय, एअरटेल, व्हिडिओकॉन, सगळ्यांचे आहेत. एक घेताना दुसरं बघता येतं, मालिका असेल तर रोजचा भाग आपोआप घेतला जातो, बटण एकच. वापरायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही हे मलाही मान्य आहे. पण ताईकडे ऐरोलीला जे झालं ते मी विसरू शकत नाही. तिच्या मुलीचा नाच एका मराठी चॅनलवर लागला होता, दीड मिनिट दिसली असेल, पण घरात सगळ्यांनी किती वेळा बघितला. कोणाच्या डोक्यातच आलं नाही की तो दुसरीकडे उतरवून ठेवावा. आठ महिन्यांनी बॉक्स बिघडला, कंपनीचा माणूस आला, बॉक्स बदलून गेला, आणि जुन्या बॉक्सबरोबर रेकॉर्डिंग गेलं. ताईने फोन करून करून विचारलं की त्यातली हार्ड डिस्क तरी द्या, तर उत्तर असं की ते रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, काढून काही उपयोग नाही. आणि ते खरंही आहे, आतलं सगळं लॉक केलेलं असतं, कॉम्प्युटरला लावून काही दिसत नाही. भाचीने विचारलं मामा तू कॉम्प्युटरचं काम करतोस ना, मग काढ ना. काय सांगणार तिला.

म्हणून माझी अट एकच. रेकॉर्डिंग आमच्या हातात राहिलं पाहिजे. बॉक्स बिघडो, कंपनी बदलो, आमचं महिन्याचे पैसे भरणं थांबो, बाबांनी घेतलेलं बाबांचंच राहिलं पाहिजे, जसं त्या १४३ कॅसेटचं आहे. बाकी सोयी कमी असल्या तरी चालतील.

डीव्हीडी रेकॉर्डरची चौकशी केली. राम मारुती रोडवरच्या दुकानात म्हणाले आता कोणी घेत नाही, मागवावा लागेल, हार्ड डिस्कवाला साडेबारा हजारांपर्यंत जाईल. त्याचा फायदा असा की साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर चांगल्या दर्जाने दोन तास बसतात, कमी दर्जाने चार, डिस्क फायनलाइझ केली (म्हणजे शेवटी पक्की करून बंद केली) की बहुतेक प्लेयरवर लागते, आणि जुन्या कॅसेटही त्यावर उतरवता येतील. पण त्याचाही ट्यूनर ॲनालॉगच, म्हणजे बॉक्सची तीच कटकट परत आली. एचडीएमआयने जोडू म्हटलं तर त्यात कॉपी रोखायची व्यवस्था असते, रेकॉर्डरला तसं इनपुटच नसतं, फिरून त्याच पिवळ्या वायरीवर यायचं. आणि साडेबारा हजार देऊन दोन वर्षांनी बिघडला तर दुरुस्त कोण करणार?

कॉम्प्युटरला टीव्ही ट्यूनर लावायचा हाही विचार केला. माझ्यासाठी ठीक आहे, पण बाबा कॉम्प्युटरला हात लावत नाहीत आणि मी सकाळी ७:४०ची गाडी पकडतो ते रात्री नऊला घरी येतो.

तर प्रश्न असे. केबलच्या बॉक्समधून असा कुठला आहे का जो पेन ड्राइव्हवर घेतो आणि ते दुसरीकडेही चालतं? केबलवाला म्हणतो यूएसबी आहे, पण घेतलेलं बाहेर चालतं का विचारलं तर नीट सांगत नाही. दुसरं, एका घरात दोन बॉक्स घेतले, एक फक्त रेकॉर्डिंगला, तर महिन्याचं दुप्पट पडतं का? फुकट चॅनलच्या पॅकेजचे कर सोडून १०० रुपयांच्या वर घेता येत नाहीत असं ट्रायने (टीव्ही-फोनच्या कंपन्यांना नियम घालून देणारी सरकारी संस्था) २०१२ मध्ये ठरवलंय असं वाचलं, त्यात दूरदर्शनचे चॅनल असतातच, मग दुसरा बॉक्स तेवढ्यावरच ठेवता येईल का? ठाण्यात कोणी केलं असेल तर प्लीज सांगा. बजेट पाच-सहा हजार, फारच चांगलं असेल तर आठ.

त्याच रात्री भर घालतोय:

इतक्या पटापट उत्तरं दिलीत, मनापासून आभार. दोघा-तिघांनी विचारलं की बाबा नक्की कुठले चॅनल घेतात. नव्वद टक्के सह्याद्री, कधीतरी डीडी भारती. पैशाचे चॅनल आई बघते आणि तिला रेकॉर्डिंग नको असतं, चुकलेला भाग ती दुसऱ्या दिवशी दुपारी बघते.

आणि ज्यांनी डीडी डायरेक्ट प्लस (दूरदर्शनची छत्रीवरची फुकट सेवा) सुचवलं त्यांना खास धन्यवाद, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. २००४ पासून आहे, गावाला काकांच्या घरावर ती छत्री मी कितीदा बघितलीय, पण ठाण्यात केबल असताना कोण लावणार म्हणून कधी विचारच केला नाही. तुमचं म्हणणं मला असं समजलं: त्यावरचे चॅनल लॉक केलेले नसतात, म्हणून बाजारात मिळणारा साधा फ्री टू एअर (फुकट चॅनल पकडणारा) रिसीव्हर, यूएसबीवाला, जसं वरून येतं तसंच्या तसं पेन ड्राइव्हवर उतरवतो. ती फाइल कॉम्प्युटरवर चालते, कॉपी होते, डीव्हीडीवर जाते. महिन्याचे पैसे नाहीत. आणि आईची केबल वेगळी, बाबांची छत्री वेगळी, म्हणजे पूर्वीसारखंच दोघांचं एकमेकांशी काही नाही. बरोबर ना?

फक्त छत्रीचं तोंड आग्नेयेकडे लागतं म्हणताय आणि आमची गॅलरी पश्चिमेला, समोर दुसरी बिल्डिंग. म्हणजे गच्चीवर लावावी लागेल. सोसायटीच्या सेक्रेटरींशी उद्या बोलतो. गच्चीत जुन्या अँटेनाचा एक लोखंडी पाइप अजून उभा आहे, त्यालाच बांधता आली तर भिंतीला भोकही पाडायला नको.

नऊ दिवसांनी:

झालं काम! उशीर झाला कळवायला. सेक्रेटरींनी लगेच हो म्हटलं, वर स्वतः येऊन वायर कुठून खाली सोडायची ते दाखवलं. छत्री, वायर, रिसीव्हर, लावणाऱ्याची मजुरी आणि १६ जीबीचा पेन ड्राइव्ह मिळून साडेतीन हजारांच्या आत बसलं. रिसीव्हर लॅमिंग्टन रोडवरून आणला. दुकानातच पेन ड्राइव्ह लावून दोन मिनिटं रेकॉर्ड करून माझ्या लॅपटॉपवर चालवून बघितलं, मगच पैसे दिले. कोणी घेणार असाल तर हे नक्की करा, बॉक्सवर यूएसबी लिहिलेलं असतं आणि काहींत ते फक्त गाणी-फोटो दाखवायला असतं.

दोन गोष्टी पुढच्यांच्या उपयोगाला सांगतो. पहिल्या दिवशी टायमर लावला, संध्याकाळी बघतो तर काहीच नाही. बाबा गप्प बसले, मला फार वाईट वाटलं. नंतर लक्षात आलं की रिसीव्हरचं घड्याळ ग्रीनविचच्या वेळेवर होतं, साडेपाच तास मागे. मेनूमध्ये जाऊन +५:३० केलं, दुसऱ्या दिवसापासून एकदाही चुकलं नाही. दुसरं, पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीला फाइल तुटते आणि पुढचा भाग दुसऱ्या फाइलमध्ये जातो. अर्ध्या तासाला पाऊण जीबीच्या आसपास लागतंय, म्हणजे अडीच तासांपर्यंत अखंड राहतं, बाबांचा कुठलाच कार्यक्रम एवढा मोठा नसतो.

चित्र कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. बाबांनी पहिलं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा ते चित्राबद्दल काही बोलले नाहीत, म्हणाले तंबोरा ऐकू येतोय. कॅसेटवर तो कायम त्या सूं सूं आवाजाखाली दबलेला असायचा. आता वहीत नवीन पान सुरू झालंय, काउंटरच्या जागी मिनिटं आणि सेकंद लिहितात, पेन्सिलीनेच. दर रविवारी मी पेन ड्राइव्हवरचं दोन हार्ड डिस्कवर उतरवतो, एक घरी आणि एक ताईकडे ऐरोलीला राहणार आहे. तसं तिनेच सांगितलं.

आता राहिल्या १४३ कॅसेट. त्या कॉम्प्युटरवर घ्यायला यूएसबीचं कॅप्चर (व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) मिळतं ते मी घेईन, पण आधी व्हीसीआर धड पाहिजे. काल कॅसेट नंबर ४१ लावली तर खाली तीन बोटं एवढा पट्टा थरथरतोय आणि मध्येच टेप आत ओढली जातेय. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या गुंडाळीवर कडेने पांढरी भुकटी दिसते, बुरशी असणार, आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर दुसरं काय होणार. तशी कॅसेट लावली की हेड (व्हीसीआरमधला टेप वाचणारा भाग) खराब होतं आणि मग चांगल्या कॅसेटही बिघडतात म्हणून आता सगळंच थांबवलंय. पूर्वी जे मेकॅनिक काका घरी यायचे त्यांनी काम बंद केलं. ठाणे, मुलुंड, कळवा, ऐरोली, वाशी या भागात व्हीसीआरचं हेड साफ करणारा आणि रबराचा रोलर बदलून देणारा कोणी अजून आहे का? आणि बुरशी आलेली कॅसेट उघडून साफ करता येते का, कोणी स्वतः केलंय का? ४१ नंबरवर आजोबांच्या गावच्या देवळातलं कीर्तन आहे, सह्याद्रीने दाखवलेलं, त्याची दुसरी कॉपी कोणाकडेच नाही.